चिठ्ठी, शब्द आणि प्रमाण : वैद्य व औषधालय यांमधील संदेशाचा शास्त्रीय विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय, रोगभिषग्जितीय, आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात शिकलेला आहे. तद्विद्यसंभाषा, संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा हे भेद, चव्वेचाळीस वादमार्गपदे, वाक्यदोष, छल, निग्रहस्थान हे सर्व आपण परीक्षेपुरते पाठ केले आणि व्यवसायात पडल्यावर बाजूला ठेवले. रुग्ण तपासताना वाद कोणाशी करावयाचा आहे, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. प्रस्तुत लेखकाचे मतही पुष्कळ वर्षे असेच होते. परंतु या पदांतील निम्मी पदे प्रतिवाद्याला जिंकण्यासाठी उपयोगी असली तरी उरलेली निम्मी एका साध्या प्रश्नाचे उत्तर देतात. एकाने उच्चारलेला वा लिहिलेला शब्द दुसऱ्यापर्यंत पोहोचून त्याच्या ठिकाणी यथार्थ ज्ञान उत्पन्न होण्यासाठी काय काय असावे लागते, हा तो प्रश्न. आपली चिठ्ठी दररोज औषधालयात जाते. तेथे तिचा अर्थ लावला जातो, आणि तो अर्थ रुग्णाच्या पोटात जातो. त्यामुळे हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी अम्लपित्ताची तक्रार असलेली, पाचवा महिना चालू असलेली एक गर्भिणी माझ्याकडे उपचार घेत होती. लघुसूतशेखर चालू होता व उपशय चांगला होता. दुसऱ्या वेळी चिठ्ठी लिहिताना कागदाच्या अगदी कडेला मी 'ल. सू. शे.' असे लिहिले. कागदाची घडी नेमकी 'ल.' वरून पडली. औषध देणाऱ्याने 'सू. शे.' वाचले आणि त्याप्रमाणे सूतशेखर दिला. दोन मात्रा पोटात गेल्यानंतर तिच्या सासूबाई गोळ्यांची पुडी घेऊन दवाखान्यात आल्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मागच्या गोळ्या गेरूच्या रंगाच्या होत्या, ह्या काळ्या कशा काय आल्या?" सुदैवाने कोणताही उपद्रव झाला नाही. परंतु लघुसूतशेखर म्हणजे सुवर्णगैरिक दोन भाग, शुंठी एक भाग व नागवेलीच्या पानांच्या रसाची भावना. योगरत्नाकरातील सूतशेखर मात्र पारद, गंधक, ताम्रभस्म, वत्सनाभ आणि धत्तूरबीज असलेला रसकल्प. गर्भिणीच्या बाबतीत या दोहोंतील अंतर किती, हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. दोष कोणाचा, याचा विचार करता करता मी पुन्हा विमानस्थानाकडे वळलो. दोष प्रथमतः माझाच होता, हे आधीच नमूद करतो.

आता शास्त्राकडे येऊ. वादमार्गपदांमध्ये शब्दाची व्याख्या करताना चरकाचार्यांनी शब्दाला केवळ वर्णांचा समाम्नाय म्हटले आहे आणि त्याचे चार प्रकार केले आहेत: दृष्टार्थ, अदृष्टार्थ, सत्य व अनृत. यातील 'अनृत' हा प्रकार लक्षणीय आहे. वर्णसमूह असत्य असला तरी तो शब्दच राहतो. म्हणजे संदेश असणे आणि संदेश प्रमाण असणे या दोन गोष्टी ग्रंथकारांनी पृथक् ठेवल्या आहेत. शब्द प्रमाण केव्हा होतो? तो आप्ताचा असेल तेव्हा. म्हणूनच प्रमाणांच्या यादीत 'शब्द' असे न म्हणता 'आप्तोपदेश' म्हटले आहे.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त प्रसिद्ध केला. दूरध्वनीपासून संगणकापर्यंतचे माहितीचे सर्व आधुनिक तंत्र त्यावर उभे आहे. त्या निबंधाच्या प्रारंभीच त्यांनी सांगून टाकले की, संदेशाला अर्थ असतो ही गोष्ट खरी असली तरी अभियंत्याच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. संभाव्य अनेक संदेशांतून नेमका कोणता निवडला गेला, एवढेच पलीकडे कळले पाहिजे. म्हणजे शॅनन यांची 'माहिती' ही चरकोक्त वर्णसमाम्नायाच्या पातळीवरची गोष्ट होय. सत्य आणि अनृत या दोहोंचे वहन तार सारख्याच निष्ठेने करते. ही मर्यादा शॅनन यांनी जाणून स्वीकारली होती. हल्ली 'माहिती' व 'ज्ञान' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्याचे खापर मात्र त्यांच्या माथी फोडता येणार नाही.

तरीसुद्धा त्यांच्या विचारातील एक भाग आपल्या फार उपयोगाचा आहे. माझ्या चिठ्ठीवर 'सू. शे.' एवढेच उरले तेव्हा वाचणाऱ्यापुढे तीन पर्याय होते: सुवर्णयुक्त सूतशेखर, साधा सूतशेखर आणि लघुसूतशेखर. तिन्ही सारखेच संभाव्य धरले तर तेथील अनिश्चितता सुमारे १.५८ बिट इतकी भरते. एका अक्षराने ती पुष्कळशी दूर झाली असती, पण तेच अक्षर घडीत गेले. शॅनन यांनी दाखवून दिले की, सामान्य इंग्रजी लेखनात जवळजवळ ५० टक्के भाग अतिरिक्त असतो, म्हणजे मागच्यापुढच्यावरून तो ओळखता येतो. हा अतिरिक्त भाग वाया जात नाही. वाटेत अक्षरे गाळली गेली तरी वाक्य वाचता येते, ते त्याच्यामुळेच. संक्षेप करणारा लेखक ही शिल्लक खर्चून टाकतो. सर्व खर्चून टाकल्यावर एक घडीसुद्धा पुरेशी होते.

येथे शास्त्राशी एक वरकरणी विरोध दिसतो. चरकाने 'अधिक' या वाक्यदोषात पुनरुक्तीचा समावेश केला आहे. भेषज, औषध, साधन असे पर्यायी शब्द एकापुढे एक म्हणणे हे अर्थपुनरुक्त, आणि भेषज, भेषज असे म्हणणे हे शब्दपुनरुक्त. मग चिठ्ठीत एकच गोष्ट दोनदा सांगणे दोषास्पद ठरेल काय? न्यायसूत्रकारांनी पुनरुक्तास निग्रहस्थान म्हणताना अनुवादाचा अपवाद केला आहे, म्हणजे काही प्रयोजनाने केलेले पुनर्वचन दोषात धरलेले नाही. वादसभेत श्रोता समोर असतो. त्याला ऐकू आले नाही तर तो विचारतो. चिठ्ठीचा वाचक तीन गल्ल्या पलीकडे, गर्दीच्या वेळी, एकटा असतो. त्याच्यासाठी केलेली पुनरुक्ती ही सप्रयोजन होय. चिठ्ठीवर 'लघुसूतशेखर' असे पूर्ण नाव, पुढे 'अम्लपित्त' आणि 'गर्भिणी' असे लिहिले असते, तर 'लघु' पुसले गेले असते तरी 'गर्भिणी' या शब्दाने औषध देणाऱ्याचा हात थांबवला असता. निघंटूंनी एकेका द्रव्यास दहा-दहा पर्यायनामे दिली आहेत. त्यांतील बरीच नामे रूप, गंध, वर्ण वा कर्म सांगतात. माझ्या मते हीसुद्धा अशाच रक्षणाची योजना आहे. एका नावाने संशय पडला तर दुसऱ्याने तो फिटावा.

अर्थात पर्यायनामांची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यात फार चांगली कळते. हळदीला निघंटूंत रात्रिवाचक नामे आहेत: निशा, रजनी इत्यादी. प्रमेहात आपण निशामलकी देतो. 'निशा-आमलकी' असे सुटे लिहिलेल्या चिठ्ठीवरून एका नवख्या मुलाने वसमतकडच्या एका शेतकऱ्यास 'आवळ्याचे चूर्ण रात्री घ्या' असे सांगितलेले मला ठाऊक आहे. ज्याच्या घरात हळदीची पोती थप्पीला लागलेली, त्याच्या औषधातून नेमकी हळदच गेली! बरे, 'हरिद्रा' असे स्पष्ट लिहिले तरी प्रश्न संपत नाही. हळद पिकवणाऱ्याच्या घरी ओली हळद असते, बेणे असते, शिजवून वाळवलेली असते आणि पॉलिश केलेलीही असते. शहरातल्या रुग्णाला 'हळद' हा शब्द एकार्थी आहे, आमच्या रुग्णाला नाही. याहून गंभीर उदाहरण म्हणजे 'निशो.' हा संक्षेप. निशोत्तर म्हणजे त्रिवृत्, सुखविरेचनात श्रेष्ठ मानलेले द्रव्य. हळद समजून ते महिनाभर घेणारा मधुमेही रुग्ण मनासमोर आणला म्हणजे पुरे.

शाब्दबोधाच्या विचारात आपल्या दर्शनकारांनी सैंधवाचे उदाहरण दिले आहे, ते जणू वैद्यांसाठीच होय. 'सैंधव आण' असे म्हटले तर मीठ आणावे की घोडा? जेवणाच्या वेळी मीठ, प्रवासास निघताना घोडा. हा निर्णय तात्पर्यज्ञानाने होतो. वाक्यातून बोध होण्यास आकांक्षा, योग्यता, सन्निधी आणि तात्पर्य यांची अपेक्षा सांगितली आहे. यांपैकी योग्यता व सन्निधी यांविषयी चिठ्ठीच्या संदर्भात फारसे बोलण्याजोगे नाही. विसंगत मात्रा लिहिली तर योग्यता नाही, आणि मात्रा एका कागदावर व द्रव्य दुसऱ्या कागदावर असेल तर सन्निधी नाही, इतकेच. आकांक्षेचा दोष मात्र नित्य आढळतो. 'त्रिफळा चूर्ण' एवढेच लिहिल्यास किती, केव्हा, कशासह ही आकांक्षा उरते. ती कोणीतरी भरून काढतोच. वैद्याने भरली नाही तर औषध देणारा भरतो, त्याने नाही भरली तर शेजारीण भरते.

तात्पर्याचा प्रश्न सर्वांत कठीण. चरकाने छलाचे दोन प्रकार सांगितले. पहिला वाक्छल. एका वैद्यास कोणी 'नवतंत्र' म्हणजे नव्यानेच तंत्र शिकलेला म्हणतो, तर तो उत्तर देतो की माझी तंत्रे नऊ नाहीत, मी एकाच तंत्राचा आहे. दुसरा सामान्यछल. औषध हे सत् आहे आणि रोगही सत् आहे, सत् हे सताचे प्रशमन करते, तर कासही सत् असल्याने तो क्षयाचे प्रशमन करील, असा तो विपरीत युक्तिवाद. वादसभेत छल करणारा जाणूनबुजून करतो. आपल्या व्यवहारात तोच प्रकार कोणाचाही हेतू नसताना घडतो. महाराष्ट्रात सामान्य लोक ज्या वनस्पतीस 'ब्राह्मी' म्हणतात ती बहुतेक ठिकाणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी असते. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात ब्राह्मी या नावाखाली बॅकोपा मोनिएरी दिलेली आहे. वैद्य पुस्तकातील ब्राह्मी मनात धरून लिहितो, काष्ठौषधीचा व्यापारी परंपरेतील ब्राह्मी देतो. दोघेही प्रामाणिक आणि दोघांचेही वाक्य आपापल्या संकेताप्रमाणे सत्य. तरी संदेश पोहोचलाच नाही. शंखपुष्पीबाबत असाच घोळ आहे. कोणी कॉन्व्हॉल्व्ह्युलस घेतो, कोणी इव्हॉल्व्ह्युलस म्हणजे विष्णुक्रांता, तर केरळात गोकर्ण.

मराठवाड्यात या संकेतभेदाला आणखी एक पदर आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. जुन्या पंसाऱ्यांच्या दुकानांत युनानी वैद्यकातील व उर्दू नावे रुळली, ती अद्याप पुरती गेलेली नाहीत. ज्येष्ठमध मागितल्यावर 'मुलहठी का?' असे विचारून खात्री करणारा दुकानदार मला संक्षेपप्रिय पदवीधरापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध वाटतो. जुन्या वैद्यघराण्यांच्या मोडी वह्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ठाऊक आहे की, मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द तोडलेले नसतात. सलग ओळीत एक द्रव्य कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले, हे योग आधीच ठाऊक असलेल्यालाच कळते. त्या वह्या घरातील माणसांसाठी लिहिलेल्या होत्या. तेथे गुरुशिष्यांमधील सहवास हाच अतिरिक्त भाग होता. आज तो सहवास नाही, पण संक्षेपाची सवय मात्र उरली आहे.

आता रुग्णाकडून वैद्याकडे येणाऱ्या संदेशाविषयी थोडे. 'लिंग' हा शब्द आपल्याकडे रोगाच्या लक्षणासाठी आणि न्यायशास्त्रात अनुमानाच्या हेतूसाठी वापरला जातो. हा योगायोग नाही. धूम अग्नीचे लिंग, तसे पूर्वरूप-रूप हे व्याधीचे लिंग. लिंग काही सांगू इच्छीत नाही, ते केवळ व्याप्तीने ज्ञान देते. शब्द मात्र सांगणाऱ्याच्या इच्छेने व संकेताने ज्ञान देतो. इंग्रज तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९५७ च्या आपल्या निबंधात हाच भेद मांडताना गोवराच्या पुरळाचे उदाहरण घेतले. पुरळ गोवर 'दर्शविते', पण त्यात कोणी कोणाला काही सांगत नसते. वैशेषिकांनी शब्दालाही अनुमानात अंतर्भूत केले, तर नैयायिकांनी तो स्वतंत्र प्रमाण मानला. रुग्णालयाच्या खोलीत बसल्यावर नैयायिकांची बाजू मला अधिक पटते. त्याला कारण विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायातच आहे. तेथे चरकाने कोष्ठाची मृदुदारुणता, स्वप्ने, इच्छा, आवडनिवड आणि सुखदुःख या गोष्टी रुग्णास विचारूनच जाणाव्या, असे सांगितले आहे. येथे कोणतेही यंत्र वा नाडी रुग्णाच्या शब्दाची जागा घेत नाही.

मग रुग्ण आप्त होय काय? सूत्रस्थानातील, रज-तमापासून मुक्त अशा आप्ताच्या लक्षणात तो बसणार नाही. वात्स्यायनांनी न्यायभाष्यात दिलेले लक्षण निराळे आहे. ज्याला अर्थाचा साक्षात् अनुभव आहे आणि तो जसा अनुभवला तसा सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ. या लक्षणाने सेनगाव तालुक्यातील निरक्षर म्हातारी आपल्या पोटदुखीविषयी आप्त ठरते. तिच्या दुखण्याचे कारण ती सांगते तेव्हा मात्र आप्त ठरत नाही. एकाच वाक्यात ती दोन्ही सांगते, म्हणून ऐकणाऱ्यास विवेक करावा लागतो.

वैद्याकडे येणाऱ्या दूताचा विचार आपल्या तिन्ही बृहत्संहितांत आहे. चरकाच्या इंद्रियस्थानाचा शेवटचा अध्याय, सुश्रुताच्या सूत्रस्थानाचा एकोणतिसावा आणि वाग्भटाचा दूतादिविज्ञानीय हे त्यासाठी पाहावेत. तेथे दूताचा वेष, वेळ, चेष्टा यांनाच लिंग मानले आहे. शकुनांचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला त्यातील एवढेच महत्त्वाचे वाटते की, संदेश आणणारा स्वतःही काही सांगतो, हे ग्रंथकारांनी ओळखले होते. आज पुण्यातला मुलगा गावाकडील वडिलांविषयी दूरध्वनीवरून बोलतो. त्याने वडिलांना पाहून सहा महिने झालेले असतात. तो दूत आहे, पण त्याच्यापाशी लिंगही नाही आणि अनुभवही नाही. अशा वेळी मी फोन शेजारच्या कोणाकडे तरी देण्यास सांगतो.

उलट दिशेने, आपल्या उपदेशातून रुग्ण काय काढतो, हेही पाहण्यासारखे आहे. चरकाने 'अर्थप्राप्ति' हे पद सांगताना उदाहरण दिले की, याने दिवसा जेवू नये असे म्हटले की रात्री जेवावे हे अर्थात् प्राप्त होते. रुग्ण ही अर्थप्राप्ती न शिकता करतात. रात्री दही वर्ज्य म्हणून सांगितले की दुपारी वाडगाभर खातात. ज्या पथ्याचा उल्लेख केला नाही ते नाहीच, असे समजतात. न बोललेले हेही त्यांच्या दृष्टीने बोललेलेच असते. मार्च २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, शुंठी व मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोन वेळा घेण्याचा सल्ला दिला होता. मोबाईलवरून तो आमच्या गावांपर्यंत आला तेव्हा द्रव्ये सर्व होती, 'एक-दोन वेळा' मात्र गळाले होते आणि मनुका बऱ्याच ठिकाणी नव्हत्या. त्या उन्हाळ्यात दाह, मुखपाक व रक्ती मूळव्याध घेऊन आलेले रुग्ण मी पाहिले. द्रव्यांचे नाव हे लक्षात राहते, मात्रा राहत नाही. सत्य वाक्याचा अर्धा भाग पुढे गेला की तो अनृताहून अधिक फसवा असतो, कारण त्याला मूळ आप्ताची प्रतिष्ठा चिकटलेली असते.

औषधालयांच्या चालकांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे लिहितो. आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीस कायद्याने निराळा परवाना लागत नाही. त्यामुळे आधुनिक औषधांच्या दुकानात जो नोंदणीकृत फार्मासिस्ट मध्ये उभा असतो तो आपल्याकडे असेलच असे नाही. मात्र औषधविषयक नियमांच्या अनुसूची 'ई-१' मध्ये वत्सनाभ, धत्तूर, पारद इत्यादी द्रव्ये आहेत, आणि ती ज्या कल्पात असतील त्याच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयी इशारा छापणे बंधनकारक आहे. म्हणजे माझ्या त्या प्रसंगात दुसरा संदेश डबीवर छापलेला होताच. पण गोळ्या सुट्या पुडीत बांधून दिल्या गेल्या आणि तो संदेश दुकानातच राहिला. रंगाचा संदेश मात्र पुडीतून गेला, आणि प्रत्यक्ष प्रमाणाने शब्दप्रमाणाची चूक पकडली. सासूबाईंनी तर्कशास्त्र शिकलेले नव्हते. मागच्या गोळ्या त्यांनी लक्षपूर्वक पाहिल्या होत्या, इतकेच.

त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर संक्षेप लिहिणे बंद केले. रसकल्पाचे नाव पूर्ण, शेजारी व्याधी, गर्भिणी वा बालक असल्यास तसा उल्लेख, आणि मात्रा अंकी व अक्षरी दोन्ही. वेळ थोडा अधिक जातो. ज्या औषधालयात माझे रुग्ण बहुधा जातात तेथे रसौषधी मूळ डबीतूनच द्यावी, आणि रुग्णाने नाव व कारण एकदा म्हणून दाखवावे, असे ठरवून घेतले आहे. पहिल्या महिन्यात याला लोक हसले. रास्नेचे मात्र अजून जमलेले नाही. फार्माकोपियाची प्लुकिया लॅन्सिओलाटा, दक्षिणेकडील अल्पिनिया गॅलंगा आणि बंगालकडील व्हॅन्डा यांपैकी आमच्या बाजारात रास्ना म्हणून येणारे मूळ नेमके कोणते, हे पोते उघडून पाहिल्याशिवाय दुकानदारालाही सांगता येत नाही. तूर्त मी महारास्नादि काढा लिहिताना उत्पादकाकडून द्रव्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव मागवून घेतो आणि ते येईपर्यंत दशमूळावर भागवतो.